राजाला एक उडी असते

आबा,

परवाच्या रविवारी मी स्पर्धेत एक डाव जिंकले. सहा डावांतला एक, तोही शेवटचा, त्यामुळे पेपरात नाव वगैरे काही आलेलं नाही. तुमची लेक पंचावन्नाव्या वर्षी बुद्धिबळाच्या स्पर्धेला जाते हे आमच्या शाळेत हेडमास्तरांशिवाय कुणाला ठाऊकही नाही, आणि शनिवारची रजा मागताना कारण लिहावं लागलं म्हणून त्यांना कळलं. मी आता कागलच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळते. सकाळी एसटीनं जाते, संध्याकाळी परत येते, दिवसभर परीक्षानळ्या मोजते आणि पोरांवर ओरडते. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पण पत्र नोकरीबद्दल नाही. त्या शेवटच्या डावात जे घडलं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येईल असं मला वाटत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुमच्या सोंगट्या माझ्याकडंच आहेत. उद्यमनगरातल्या त्या वर्कशॉपात तुम्ही टर्नर होतात, आणि धातूच्या उरल्यासुरल्या बारच्या तुकड्यांतून जेवणाच्या सुट्टीत एकेक सोंगटी तुम्ही लेथवर काढलीत. एक बाजू पितळेची, दुसरी लोखंडाची. आपल्या घरात पांढरं आणि काळं कधी नव्हतंच, "आज पितळ कुणाचं?" असं विचारायचं. प्यादी, हत्ती, उंट, वजीर, सगळे कसे चकचकीत आणि एका मापाचे. घोडा मात्र लेथवर निघत नाही, कारण घोडा गोल नसतो. ते चार घोडे तुम्ही हॅक्सॉनं कापून कानशीनं घासलेत आणि चारही बोकड झाले. आई म्हणायची, "ह्येचा रस्सा करू का सुकं?" पट प्लायवूडचा, काळी घरं बूटपॉलिशनं रंगवलेली, त्यामुळे डाव संपला की दोघांचीही मनगटं काळी. रविवारची सकाळ आहे, आपण स्वयंपाकघरात फरशीवर बसलोय, तुमची आंघोळ झालीय तरी अंगाला कटिंग ऑइलचा वास आहेच, आणि आई परात घेऊन आपल्या डोक्यावर उभी आहे. "उचला तुमचा राजा, मला पीठ मळायचंय." तुम्ही पट जागेवरून न उचलता, सोंगटी न हलू देता, तसाच ढकलत उंबऱ्यापर्यंत न्यायचात आणि डाव तिथून पुढं चालू व्हायचा. हलणाऱ्या पटावरची एक सोंगटी पडलेली मला आठवत नाही.

तुम्ही मला शिकवलंत ते जुनं देशी बुद्धिबळ. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एका चालीतली अदलाबदल, नाही. राजाला मात्र डावात एकदा, तेही अजून शह बसलेला नसेल तर, घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा. तुमची सुरुवात कायम ठरलेली असायची. सगळी प्यादी एकेक घर पुढं, त्यांच्यामागं घोडे, उंट कोपऱ्याजवळ, आणि मग एका उडीत राजा त्या भिंतीमागं. समोरच्यानं कितीही आरडाओरडा करून सोंगट्या अंगावर आणल्या तरी तुमचं लेथवरचं एकच वाक्य. "पयला कट हलका घ्यायचा. जॉब सेंटरला बसलाय का न्हाय ते कळतं. एकदम खोल घुसलं की टूल मोडतंय." मला कंटाळा यायचा. मी वजीर घेऊन तुमच्या घरात घुसायचे, अडकायचे आणि चाल मागं घ्यायला हात पुढं करायचे. त्यावर तुमचा तो ठरलेला आवाज. "हात लावलास न्हवं? मग त्येच खेळ." एरवी तुम्ही मला कधी रागावला नाहीत. पटावर मात्र सूट नव्हती, आणि त्या सूट नसण्याचा मला अभिमान होता, कारण वर्कशॉपातल्या मोठ्या माणसांनाही तुम्ही तेच ऐकवायचात.

नववीत असताना मी पहिल्या स्पर्धेला गेले. ते एका शाळेचं सभागृह होतं, लांब बाकं, पटांवर लाकडी सोंगट्या, चावीची घड्याळं. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून कामाच्या निळ्या कपड्यांतच आलात आणि दाराशी उभे राहिलात. समोरच्या मुलानं पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं ढकललं तेव्हा मला वाटलं चुकून ढकललं असेल. मी आपली सुरुवात लावली, भिंत बांधली आणि ठरल्यासारखा राजा उचलून अडीच घरांवर ठेवला. मुलानं हात वर केला. पंच आले, त्यांनी राजा परत ठेवला, मला समजावलं, मी खाली मान घालून ऐकत होते. एवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही दारातून सरळ आत आलात. "अवो सायेब, राजाला एक उडी असती की! शह बसल्याला न्हाय त्येला अजून. तुमी खेळलाय का कवा?" पंच म्हणाले, "ते घरी खेळायला, पावणं. इथं आंतरराष्ट्रीय नियम." सभागृह हसलं. शंभरेक पोरं आणि त्यांचे पालक. तुम्ही अजून काहीतरी बोलणार होतात, तेवढ्यात तुमची नजर माझ्याकडं गेली, आणि तुम्ही बाहेर गेलात.

परत येताना मी तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले होते. शिवाजी पेठेत शिरताना मी तुमच्या पाठीला म्हणाले, "तुम्हाला येत नाही तर शिकवायचं कशाला? सगळं चुकीचंच शिकवलंत." तुम्ही पायडल मारत राहिलात. कोपऱ्यावर उतरून भडंगाचा पुडा घेतलात, माझ्या हातात दिलात आणि "खा" म्हणालात. मी तो पुडा तसाच घरी आणला आणि आईपुढं आदळला.

पंधरा दिवसांनी तुम्ही एक गुंडाळी घेऊन घरी आलात. शेजारच्या कारखान्यातले एक ड्रॉइंगमन बुद्धिबळ खेळत, त्यांच्याकडं रोज जेवणाच्या सुट्टीत बसून तुम्ही नवे नियम शिकलात आणि एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीमागं ते स्वतःच्या हातानं लिहून आणलेत, आकृत्यांसकट. तो कागद तुम्ही भांड्यांच्या फळीच्या वर चिकटवलात. त्या दिवसापासून आपण नव्या नियमांनी खेळलो. कॅसलिंग तुम्ही दोन्ही हातांनी करायचात, राजा एका हातात आणि हत्ती दुसऱ्यात, गिअर बदलल्यासारखं, आणि वर माझ्याकडं बघायचात की जमलं का. दोन घरांची चाल तुम्हाला शेवटपर्यंत रुचली नाही. "पयल्याच पावलाला दोन घरं? कोन माग लागलंय का तुज्या?" वर्षभरात मी तुम्हाला हरवायला लागले, तर तुम्ही ते वर्कशॉपात सांगत सुटलात. या सगळ्यात एक रविवार मला विसरता येत नाही. तुम्ही सोंगट्या मांडताना सहज विचारलंत, "आज जुन्या पद्धतीनं टाकूया का एक डाव?" मी म्हणाले, "नको, सवय बिघडते." तुम्ही "बरं" म्हणालात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. त्या "बरं"चं मला आजही वाईट वाटतं, आबा. सायकलवर बोलले ते रागात होतं. हे मी शांतपणे बोलले होते.

लग्न झाल्यावर खेळ सुटला तो सुटलाच. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून लेक आली होती, तिनं माझ्या फोनवर बुद्धिबळ घालून दिलं. एसटीत वेळ जाईल म्हणाली. मी खेळायला लागले तर बोटं आपोआप तुमचीच भिंत बांधायला लागली. लेकीनं बघितलं आणि म्हणाली, "आई, याला नाव आहे. मोठे मोठे खेळाडू खेळलेत. पाणघोडा म्हणतात या सुरुवातीला." मी तिला तीनदा परत म्हणायला लावलं. सगळी प्यादी एकेक घर, मागं घोडे, कोपऱ्याजवळ उंट, अगदी तेच. पाणघोडा म्हणे पाण्यात नुसते डोळे वर ठेवून बसतो, जवळ येईल त्याची वाट बघत. तुम्ही म्हणाला असता, शाना हाय. मला हसू आलं आणि मग मी मोरीत जाऊन रडले. तेव्हाच मनात घेतलं की स्पर्धेत उतरायचं आणि तुमच्या सुरुवातीनं निदान एक डाव, फक्त एक, जिंकायचा. तुमचं चुकलं नव्हतं एवढं मला पटावर, चारचौघांत दाखवायचं होतं. फोनवर जिंकून त्याला अर्थ नव्हता, तिथं कुणाला काय दिसतं?

स्पर्धा आपल्याच पेठेतल्या एका मंगल कार्यालयात होती. जिथं एरवी पंगती बसतात तिथं टेबलं लावली होती. बाहेर आयाबाया डबे घेऊन बसलेल्या, आत त्यांची पोरं आमच्यासारख्यांची पिसं काढत होती. पहिल्या डावात अकरा वर्षांच्या एका मुलीनं मला हरवलं आणि वर "वेल प्लेड, आजी" म्हणाली. आजी! दुसरा डाव बरोबरीत, तिसरा गेला, चौथा गेला. एक कॉलेजचा पोरगा माझी भिंत बघून गालात हसला, पण घड्याळात वेळ कमी पडल्यावर त्याचं हसू गेलं, तोही डाव बरोबरीत सुटला. प्रत्येक डावात मी तुमचीच सुरुवात खेळले. रविवारी दुपारी शेवटची फेरी उरली आणि जिंकलेले डाव शून्य होते. लेकीचा फोन आला तर तिला सांगितलं, जेवण बरं होतं.

शेवटच्या फेरीत समोर आले ते निपाणीकडचे एक काका. सत्तरीच्या पुढचे, कपाळाला भस्माचे पट्टे, डोक्याला टोपी. बसायच्या आधी घरी फोनवर कानडीत काहीतरी बोलले, मग मला म्हणाले, "बसा की अक्का." पितळ त्यांच्याकडं होतं, म्हणजे पांढऱ्या सोंगट्या. त्यांनी पहिलं प्यादं एक घर पुढं सरकवलं. मी एक घर. त्यांनी दुसरं, एकच घर. पाचव्या चालीला त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि मिशीत हसले. शेजारचा डाव संपून पोरं उठून गेली तरी आमच्या पटावर एक प्यादं मेलं नव्हतं. पंच, पंचविशीतला पोरगा, दोनदा येऊन बघून गेला की आम्हाला खेळता येतं का. आबा, गेल्या कित्येक वर्षांत एवढं सुख मला कशात झालं नव्हतं. कुणालाच घाई नव्हती. आपापलं घर लावून झाल्यावर मग मी मधलं प्यादं ढकललं, मधली पट्टी उघडली आणि दोन्ही हत्ती एकामागं एक त्यांच्या राजासमोर आणून लावले. राजाच्या पुढ्यात त्यांचा एक घोडा तेवढा आडवा होता. तो पडला की शह, आणि मग सुटका नव्हती. राजाच्या एका बाजूला त्यांचाच हत्ती बसलेला. मी जिंकत होते.

काकांनी बराच विचार केला. मग राजा उचलला, घोड्याच्या चालीनं अडीच घरांवर नेऊन ठेवला आणि घड्याळ दाबलं. मी माझा वजीर मागं घेतला, कारण त्यांचा घोडा आता मोकळा झाला होता. त्यांनी घोडा हलवला, मी हत्ती सरकवला. त्यांच्या चाली लिहायच्या राहिल्या होत्या, त्या लिहायला त्यांनी कागद जवळ ओढला. एक चाल लिहिली आणि पेन थांबलं. "शिव शिव," ते म्हणाले. "थांबा अक्का. म्या राजा उडवला की वो! हितं न्हाय ह्यो नियम." आणि त्यांनी स्वतः घड्याळ बंद करून स्वतःच हात वर केला. पंच आला, कागद बघितला, चाली मागं नेल्या आणि राजा उचलून मूळ घरात ठेवला. राजाला हात लागलेला, तेव्हा राजाच हलवायचा, आणि जायला एकच घर, वजिराची रिकामी जागा. काकांनी राजा तिथं नेला. मी घोडा मारला आणि पुढच्या चार चालींत डाव संपला. त्यांनी उभं राहून हात पुढं केला. तुमच्या सुरुवातीनं मी डाव जिंकले होते, आबा. हात धुवायला गेले तेव्हा आरशात बघून दोनदा "जिंकले" म्हणाले, मोठ्यानं.

चहाला काका शेजारी बसले. "कुनी शिकिवलं तुमाला?" मी सांगितलं, वडिलांनी. "मग ते देशी खेळनारं असनार. आमचा थोरला भाऊ, प्यादं दोन घरं ढकललं की पाटावरनं उठवून लावायचा. राजा आपसूक उडाला बगा हातातनं, मला इचारलंबी न्हाय." आम्ही दोघं हसलो. मग ते हळूच म्हणाले, "तुमी बगितलं व्हतं न्हवं? बगून गप बसलासा." मी हो म्हटलं. तेवढ्यात तो पंच आला, त्यालाही तेच वाटलं होतं. बक्षीस समारंभात त्यानं माइकवरून सांगितलं की या मॅडमनी समोरच्या वयस्कर खेळाडूची चूक दिसूनही तक्रार केली नाही, हातातला डाव सोडायची तयारी दाखवली, याला म्हणतात मन. नऊ वर्षांखालच्या गटातला एक पोरगा बक्षिसाला थांबला नव्हता, त्याची ट्रॉफी शिल्लक होती, ती खिलाडूवृत्तीसाठी मला दिली. मी काकांना पुढं करत होते, खरं तर ती त्यांचीच होती. ते म्हणाले, "ठेवा अक्का, तुमी सांबाळून घेतलासा." सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मिठाची गुळणी धरून ट्रॉफी घेतली.

मी काही सांभाळून घेतलं नव्हतं, आबा. मला चूक दिसलीच नव्हती. राजा उचललेला दिसला, अडीच घरं जाऊन बसलेला दिसला, आणि मनात एवढंच आलं की म्हाताऱ्यानं वेळ बरोबर साधली, अजून शह बसला नव्हता. पुढच्या दोन्ही चाली मी तसं धरूनच खेळले. ज्या उडीपायी चौदाव्या वर्षी मी तुम्हाला नको ते बोलले, ती मला अजूनही सरळ, रास्त चाल वाटते. तुमच्या हातानं बसलेलं काहीच हललेलं नाही, आणि याचा मला किती आनंद झालाय ते कुणाला समजावून सांगता येत नाही.

लेकीलाही मी मोठ्या मनाचीच गोष्ट सांगितली, तिनं ती सगळ्यांना कळवली. हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवणार आहे, आम्लांच्या बाटल्यांमागं, तिथं कुणी हात घालत नाही. पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. आणि लिहितेच आहे तर हेही लिहिते. पंचानं काकांचा राजा उचलून परत मूळ घरात ठेवला ना, तेव्हा मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं होतं.